बारावीचे मानसशास्त्र आणि मराठीचा तास

दहावीचा निकाल लागला की कनिष्ठ महाविद्यालयांत प्रवेशाची धांदल सुरू होते. अर्ज आता ऑनलाइन भरला जातो, तरी ऐच्छिक विषय ठरवायला मुले टेबलाशी येतातच. कला शाखेच्या त्या टेबलाशी बसण्याचे काम गेली काही वर्षे आम्हा दोघांकडे आहे. आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक. समोर इतिहास, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, भूगोल, समाजशास्त्र, मानसशास्त्र अशी यादी असते आणि विचारला जाणारा प्रश्न दरवर्षी तोच असतो : "सर, यातला सोपा कोणता?" मानसशास्त्रापुढे खूण होते तिची कारणेही ठरलेली आहेत. प्रकल्पाचे गुण हाती लागतात, मैत्रिणीने घेतला आहे, किंवा "त्यात समोरच्याच्या मनातलं ओळखायला शिकवतात म्हणे". यांतले शेवटचे कारण सर्वांत चुकीचे आहे, आणि आमच्या मते सर्वांत आदरणीयही आहे. सतराव्या वर्षी माणसाला मनाविषयी कुतूहल वाटते, ते कुतूहल घेऊन तो एका विषयाच्या दाराशी येतो, असे अन्य कोणत्या विषयाबाबत घडते?

या कुतूहलाचे पुढे काय होते, याविषयी काही लिहावे असे बरेच दिवस मनात होते. आम्ही मानसशास्त्राचे जाणकार नाही, हे आधीच सांगितलेले बरे. आम्ही बोलणार आहोत ते भाषेच्या बाजूने. आमचे म्हणणे थोडक्यात असे : अकरावी-बारावीत मानसशास्त्र हा विषय असणे आवश्यक आहे, तो कला शाखेपुरता अडकवून ठेवू नये, आणि तो मराठीतून शिकवला जात असेल तेथे मराठीच्या अध्यापकाने त्याच्याकडे परका म्हणून पाहू नये. आम्ही तसे पाहत आलो. त्याची किंमत काय असू शकते ते पुढे सांगितले आहे.

प्रथम विषयाकडे पाहू. बालभारतीचे अकरावीचे नवे पाठ्यपुस्तक २०१९ साली आले आणि बारावीचे २०२० साली. बारावीच्या पुस्तकात बुद्धिमत्ता, व्यक्तिमत्त्व, बोधनिक प्रक्रिया, भावना, मानसिक विकार असे घटक आहेत. विल्हेल्म वुंट यांनी १८७९ मध्ये लाइपझिग येथे काढलेली प्रयोगशाळा, अल्फ्रेड बिने यांची १९०५ ची बुद्धिमापन चाचणी हे टप्पे विद्यार्थ्याला कळतात. आमच्या पिढीला हे पदवीच्या वर्गाखेरीज ऐकायलाही मिळाले नव्हते. पुस्तक वाईट आहे अशी आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती, ते पुस्तक वर्गात 'व्याख्या द्या' आणि 'फरक स्पष्ट करा' एवढ्यावर येऊन थांबते याबद्दल. अर्थात कवितेचे आम्ही 'आशयसौंदर्य लिहा' करून ठेवले आहे, तेव्हा या बाबतीत आम्हांला फार बोलण्याचा अधिकार नाही.

या विषयाशी आमचा प्रत्यक्ष संबंध आला तो एका गमतीच्या प्रसंगाने. आमच्याकडे मानसशास्त्र शिकवणाऱ्या मॅडम तासिका तत्त्वावर होत्या. एके दिवशी त्या अध्यापक-कक्षात आल्या आणि म्हणाल्या, "सर, मला काहीही अर्थ नसलेली मराठी अक्षरं करून द्या." हेर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने १८८५ मध्ये स्मरणाविषयीचे आपले संशोधन प्रसिद्ध केले. शब्दाला आधीचा अर्थ चिकटलेला असेल तर शुद्ध स्मरण मोजता येणार नाही, म्हणून त्याने व्यंजन-स्वर-व्यंजन अशी सुमारे २३०० निरर्थक पदे तयार केली आणि ती स्वतःच पाठ करून किती काळात किती विसरतो हे मोजले. मॅडमना तोच प्रयोग वर्गात करायचा होता.

आम्हांला हे काम पाच मिनिटांचे वाटले. अर्धा तास झाला तरी यादी पुरी होईना. 'कप', 'मर', 'झप', 'टाच' ही सगळी अर्थाची. 'ठूण' लिहिले, तर तो हंड्यावर पळी आपटल्याचा आवाज झाला. 'भोक' आणि 'खूळ' लिहिल्यावर तर आमचे आम्हांलाच हसू आले. अखेर 'झेव', 'पुख', 'ढीम' अशी काही पदे जमली आणि ती वर्गात नेली. मॅडमनी मुलांना नंतर विचारले, "कसं लक्षात ठेवलंत?" एक मुलगा म्हणाला, "ढीम म्हणजे ढिम्म बसलेला, आमचा बैल." दुसरीने 'झेव' आणि 'पुख' या दोन पदांची नवरा-बायको अशी जोडी लावली होती. प्रयोग अर्थातच फसला. पण फसलेल्या प्रयोगाने जे शिकवले ते आम्ही कवितेच्या तासाला वर्षानुवर्षे सांगण्याचा प्रयत्न करत होतो : माणसाचे मन अर्थ लावल्याशिवाय राहत नाही. जेथे अर्थ नाही तेथेही ते नाद, प्रतिमा, गोष्ट घेऊन पोहोचते.

मॅडमनी त्याच तासाला मुलांना फ्रेडरिक बार्टलेट सांगितला. या इंग्रज मानसशास्त्रज्ञाने १९३२ च्या आपल्या ग्रंथात एबिंगहाउसच्या उलट वाट धरली. उत्तर अमेरिकेतील आदिवासींची एक लोककथा त्याने इंग्रज वाचकांना वाचायला दिली आणि काही काळाने ती पुन्हा सांगायला लावली. प्रत्येक वेळी कथा लहान होत गेली, अनोळखी तपशील गळाले किंवा ओळखीच्या तपशिलांत बदलले, जे असंबद्ध वाटले ते सुसंबद्ध करून सांगितले गेले. आठवणे म्हणजे साठवलेली वस्तू बाहेर काढणे नव्हे, ती पुन्हा घडवणे होय, असा त्याचा निष्कर्ष. लोकसाहित्य शिकवताना आम्ही पाठभेद सांगतो, एकच ओवी गावोगाव कशी बदलते ते सांगतो. पण ती का बदलते, या प्रश्नाचे एक चांगले उत्तर शेजारच्या वर्गात मिळते, हे आम्हांला नोकरीची इतकी वर्षे झाल्यावर कळले.

आता परिभाषेकडे वळू. मानसशास्त्राचे मराठी पुस्तक उघडले की पहिली अडचण शब्दांची येते. मराठीच्या तासाला मूल 'संवेदना' हा शब्द ऐकते तो कवीच्या हळवेपणाशी, जाणिवेशी जोडलेला. पुढच्याच तासाला 'वेदन' आणि 'संवेदन' असे दोन शब्द येतात. त्यांपैकी पहिला ज्ञानेंद्रियावर झालेल्या उद्दीपनाच्या प्राथमिक जाणिवेसाठी आणि दुसरा त्या जाणिवेला अर्थ लावण्याच्या क्रियेसाठी. तिकडे मर्ढेकरांच्या सौंदर्यविचारात 'संवेदना' ही पुन्हा इंद्रियगोचर असते. पदव्युत्तर वर्गात मर्ढेकर शिकवताना आमच्या विद्यार्थ्यांचा जो गोंधळ उडतो, त्याचे मूळ येथे आहे, असे आता वाटते. बारावीला मानसशास्त्र घेतलेली मुलगी एम. ए.ला मर्ढेकरांपाशी अडखळत नाही, हा आमचा अनुभव आहे. ज्यांनी १९४२ मध्ये 'रात्रीचा दिवस' ही संज्ञाप्रवाही कादंबरी लिहिली, त्यांच्याकडे जाण्याची एक वाट मानसशास्त्रातून जाते, यात नवल नाही.

घडवलेली परिभाषा कृत्रिम असते, ती रुजत नाही, असे आपण सरसकट म्हणतो. 'न्यूनगंड' या शब्दाकडे पाहावे. आल्फ्रेड आडलरच्या संकल्पनेसाठी केलेला हा शब्द आज तालुक्याच्या गावातला पालकही सहज वापरतो : "इंग्रजीमुळे त्याला न्यूनगंड आलाय." तो पारिभाषिक आहे हे कोणाच्या ध्यानातही नसते. तो रुजला, कारण लोकांना त्याची गरज होती आणि बोलणाऱ्यांनी, लिहिणाऱ्यांनी तो वापरला. उलट 'छिन्नमनस्कता' हा शब्द पाहा. मूळ शब्द फाटलेल्या मनाचा, म्हणून मराठीतही मन छिन्न झाले. परिणाम असा की, या आजारात एकाच माणसात दोन माणसे राहतात, अशी जी चुकीची समजूत चित्रपटांनी पसरवली तिला आमच्या शब्दानेच हातभार लावला. जपानमध्ये या आजाराचे नाव पूर्वी 'मन दुभंगण्याचा रोग' अशाच अर्थाचे होते. रुग्णांच्या कुटुंबीयांच्या संघटनेने मागणी केली आणि तेथील मनोविकारतज्ज्ञांच्या संस्थेने २००२ मध्ये ते अधिकृतपणे बदलले. रुग्णाला त्याचा आजार सांगणे नव्या नावाने सोपे झाले, असे तेथील डॉक्टरांना आढळले. आपल्याकडे २००४ मध्ये सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'देवराई'ने हा आजार कुटुंबाच्या आतून दाखवला. पाठ्यपुस्तकातील लक्षणांची यादी पाठ केलेल्या मुलांना तो चित्रपट दाखवल्यावर त्यांचा पहिला प्रश्न असतो, "पण यात दुसरा माणूस कुठंय?" शब्दाने लावलेली गाठ सोडवायला एक अख्खा चित्रपट लागतो, हे भाषेच्या अध्यापकाने विसरू नये.

दुसरीकडे, मुलांच्या स्वतःच्या बोलीत मनाचे शब्द विपुल आहेत. हुरहुर, घालमेल, धास्ती, काहूर, चलबिचल, कोंडमारा, जीव टांगणीला लागणे, मन उडणे, मन खाणे. यांतला एकही शब्द मानसशास्त्राच्या उत्तरपत्रिकेत चालत नाही आणि पुस्तकातला शब्द घरात चालत नाही. 'चिंता विकृती'ची पाच लक्षणे अचूक लिहिणारा मुलगा आपल्या आजीच्या 'धास्ती'शी त्यांचा संबंध जोडत नाही. ते जोडून देणारे कोणी वर्गात नसते.

हा दुवा नसला की काय होते, ते आम्ही स्वतः केलेल्या चुकीवरून सांगतो. संबंधित विद्यार्थिनीच्या संमतीने आणि तिची ओळख लागणार नाही अशा रीतीने सांगत आहोत. अकरावीच्या स्वाध्यायवहीत 'माझी संध्याकाळ' असा विषय दिला होता. एका मुलीने लिहिले की, दिवेलागणीला पोटात काहूर उठते. घरात सगळे असतात, पण काचेपलीकडे असल्यासारखे. पूर्वी गाणी ऐकायची, आता चार महिने झाले, नको वाटते. ताट समोर आले की रडू येते आणि का ते कळत नाही. आम्ही 'काहूर' या शब्दाखाली रेघ मारून शेजारी 'छान' लिहिले. ऱ्हस्वदीर्घाच्या चुका दुरुस्त केल्या. शेवटी लाल शाईने शेरा दिला : 'भाषा चांगली. शेवट आशावादी करावा.' एवढ्यावर न थांबता अध्यापक-कक्षात तो उतारा सहकाऱ्यांना वाचून दाखवला, चांगल्या ललित गद्याचा नमुना म्हणून.

मॅडम कोपऱ्यात वह्या तपासत होत्या. त्यांनी मान वर करून विचारले, "सर, चार महिने म्हणते ती?"

आम्ही तो तपशील वाचला होता, पण आमच्या लेखी तो शैलीचा भाग होता. मॅडमच्या लेखी तो सर्वांत महत्त्वाचा शब्द होता. दुःख सर्वांनाच होते. ते किती काळ टिकले, आवडीच्या गोष्टीतले मन गेले का, जेवण-झोप बदलली का, हे विचारायचे असते, असे त्यांनी आम्हांला शांतपणे सांगितले. ही माहिती बारावीच्या पुस्तकात आहे. आमच्या कपाटात ते पुस्तक नव्हते. मॅडम त्या मुलीशी बोलल्या, मग तिच्या आईशी, आणि जिल्हा रुग्णालयातील मनोविकारतज्ज्ञांपर्यंत त्या दोघींबरोबर स्वतः गेल्या. पुढची हकीकत सांगण्याचा अधिकार आम्हांला नाही. मुलगी आज ठीक आहे, एवढे सांगतो. आमचा शेरा मात्र त्या वहीत तसाच आहे.

या प्रसंगावरून कोणी म्हणेल, मग समुपदेशक नेमा, विषय कशाला? समुपदेशक हवेतच. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असावा, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मधील निकालात सांगितले आहे. पण समुपदेशक आणि विषयाचा अध्यापक यांची कामे वेगळी आहेत. समुपदेशकाकडे जायचे तर आधी आपल्याला काय होते आहे ते ओळखावे लागते, निदान शेजारच्या बाकावरच्या मैत्रिणीला ते ओळखता यावे लागते. ते शिक्षण वर्गातच होते. मानसशास्त्राच्या तासाचे रूपांतर उपचाराच्या बैठकीत होऊ नये, हे आम्हांलाही मान्य आहे. जीवशास्त्राच्या तासाला कोणी शस्त्रक्रिया करत नाही, पण हृदय कोठे आहे ते कळते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. अर्ध्या ज्ञानाने मुले स्वतःला आजाराच्या चिठ्ठ्या चिकटवतात. परीक्षेच्या आदल्या दिवशीच्या भीतीला 'अँक्झायटी', नीटनेटकेपणाला 'ओसीडी', एका वाईट आठवड्याला 'डिप्रेशन' म्हणतात. हे खरे आहे. मात्र हे शब्द त्यांना पाठ्यपुस्तकातून मिळालेले नाहीत, मोबाइलच्या पडद्यावरून मिळाले आहेत, आणि ते विज्ञान-वाणिज्य शाखांच्या मुलांच्या तोंडीही तितकेच आहेत. विषय काढून टाकल्याने शब्द जाणार नाहीत, फक्त ते तपासून पाहण्याची जागा जाईल. निकष म्हणजे काय, कालावधी का पाहतात, एका लक्षणाने आजार का ठरत नाही, हा संयम शिकवणारा शालेय पातळीवरचा दुसरा विषय आमच्या माहितीत नाही.

तिसरा आक्षेप आमच्याच गोटातला आहे : साहित्य वाचले की माणूस कळतोच, वेगळ्या मानसशास्त्राची गरज काय? प्रकाश नारायण संतांच्या लंपनने किंवा 'कोसला'तील पांडुरंग सांगवीकरने जे दाखवले ते कोणत्या पुस्तकात आहे, असे आम्हीही अनेकदा म्हटले आहे. साहित्य एका माणसाला त्याच्या सगळ्या गुंत्यासह दाखवते, हे त्याचे बळ. पण त्या दिवशी साहित्याचे वाचक असलेल्या आम्हांला ती मुलगी दिसली नाही, तिचे गद्य दिसले. अनेक माणसांच्या दुःखांत समान काय असते, हे पाहण्याची सवय वेगळ्या शास्त्राची आहे.

याची उलट बाजूही आहे. मानसशास्त्राला भाषा आणि संस्कृती यांचे भान लागते, ते त्याला आमच्याकडून मिळू शकते. बिनेची चाचणी पॅरिसच्या शाळांसाठी होती. ती इकडे जशीच्या तशी चालणार नव्हती, म्हणून धारवाडच्या व्ही. व्ही. कामत यांनी कानडी आणि मराठी मुलांसाठी तिचे रूपांतर केले. त्यांचे पुस्तक १९४० साली प्रसिद्ध झाले. भावनांच्या घटकात पॉल एकमन यांनी सांगितलेल्या सहा मूलभूत भावना येतात : आनंद, दुःख, भय, क्रोध, किळस, आश्चर्य. भरताच्या नाट्यशास्त्रातील आठ स्थायीभाव शेजारी मांडले की पाच तरी जुळतात, हास आणि आनंद यांचे नाते जोडावे की नाही यावर वाद होतो, आणि रती व उत्साह उरतात. ते का उरले, एवढ्या एका प्रश्नावर एक तास सहज जातो. मात्र 'हे सगळे आमच्याकडे आधीच होते' या अभिमानात हा तास बुडवू नये. एकमन यांनी चेहऱ्यांचा अभ्यास केला आहे, भरताला रंगभूमीवरील आस्वादाचा प्रश्न पडला आहे. प्रश्न वेगळे आहेत, म्हणून तर तुलना उपयोगाची.

आमच्या सूचना मोठ्या नाहीत. मानसशास्त्राच्या प्रत्येक घटकामागे एक तास मराठीच्या अध्यापकाने त्या वर्गात बसावे आणि त्या घटकाला लागू पडणारे बोलीतले शब्द मुलांकडून गोळा करावेत. पाठ्यपुस्तक मंडळाने पुढील आवृत्तीत परिभाषेच्या सूचीबरोबर हे रोजचे शब्दही द्यावेत आणि दोहोंतला फरक सांगावा. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शाखांमधील भिंती पातळ करण्याचे म्हटले आहे. त्याची सुरुवात विज्ञान शाखेच्या मुलाला मानसशास्त्र घेता येईल अशा वेळापत्रकाने करता येईल. आणि बी. एड., एम. ए. करणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनी हे पुस्तक निदान एकदा वाचावे. लाल शाईचे पेन हाती येण्याआधी वाचावे.

शेवटी जे घडले ते सांगणे भाग आहे. पुढच्या जूनमध्ये आमच्या महाविद्यालयात मानसशास्त्राला पुरेसे विद्यार्थी आले नाहीत. किमान संख्या भरत नाही म्हणून विषय 'तूर्त' स्थगित झाला आणि तासिकांबरोबर मॅडमचे कामही संपले. व्यवस्थापनाच्या सभेत कोणी विरोध केला नाही. आम्हीही नाही, कारण आमची मराठीची तुकडी सुरक्षित होती. हे लिहिताना त्याची लाज वाटते. तेव्हापासून प्रवेशाच्या टेबलाशी "सोपा कोणता" असे कोणी विचारले की आम्ही यादीत नसलेल्या त्या विषयाचे नाव घेतो आणि घ्यायची इच्छा असलेल्या मुलांची नावे वहीत लिहून ठेवतो. गेल्या प्रवेशाच्या वेळी सतरा नावे झाली. ती यादी प्राचार्यांकडे दिली आहे.